टी-आरएनएच्या आकृतीत ग्वानीनसमोर युरासिल: ही छपाईची चूक आहे का? नियमाबाहेरच्या बेस-जोड्यांविषयी शंका

प्रश्न
शिक्षिका_फोंडा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. सध्या वर्गात आनुवंशिकतेच्या रेणवीय पायाचे प्रकरण चालू आहे. आमचे अध्यापन इंग्रजीतून होते, परंतु वर्गातील बरीच मुले प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेली आहेत आणि शंका विचारताना ती सहज मराठीवर येतात. म्हणून प्रश्न मराठीतच मांडते, म्हणजे येथील उत्तरे त्यांना जशीच्या तशी वाचायला देता येतील.

डीएनएच्या अक्षरांपैकी, म्हणजे बेसांपैकी, ॲडेनीन थायमीनशी (आरएनएमध्ये युरासिलशी) आणि ग्वानीन सायटोसीनशी जोडी करते, अन्य कोणाशी नाही, असे मी शिकवले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने एका संदर्भपुस्तकातील टी-आरएनएची (प्रथिन बनताना अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूची) आकृती माझ्यासमोर ठेवली. त्या आकृतीत अमिनो आम्ल ज्या टोकाला जोडले जाते त्या देठामध्ये एका ठिकाणी ग्वानीनसमोर युरासिल होते, आणि त्या दोघांमध्ये इतर जोड्यांप्रमाणे रेघ नसून एक टिंब होते. ही छपाईची चूक आहे का, असे तिने विचारले. कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल सांगणाऱ्या तीन अक्षरांच्या गटाच्या) तिसऱ्या अक्षरापुरती सैल जोडी चालते, हे क्रिक यांचे गृहीतक मला ठाऊक आहे आणि ते मी तिला सांगितले. परंतु तिने दाखवलेली जोडी अँटिकोडॉनमधली, म्हणजे टी-आरएनएच्या कोडॉन वाचणाऱ्या तीन अक्षरांमधली, नव्हती, त्यामुळे तिचे समाधान झाले नाही.

माझ्या शंका अशा आहेत. टी-आरएनएच्या देठात ही जोडी केवळ खपून जाते, की तिचे तेथे काही काम असते? दुसरे असे की, थायमीन म्हणजे एक मिथिल गट अधिक असलेले युरासिलच; मग ग्वानीन युरासिलशी दोन हायड्रोजन बंध करू शकत असेल, तर डीएनएमध्ये ते थायमीनशीही करू शकले पाहिजे. ए-टी जोडीतही दोनच बंध असतात. मग डीएनएमध्ये जी-टी जोड्या सर्रास का आढळत नाहीत? आणि तिसरे, एमएस्सीला असताना हूगस्टीन जोडी असे नाव वाचले होते. ती केवळ स्फटिकांत दिसणारी गोष्ट आहे, की साध्या डीएनएमध्येही ती होते?

मुलांना हे सांगताना मूळ नियमच खोटा आहे असा त्यांचा समज होऊ नये, ही काळजी मला आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उत्तर १
निवृत्त_प्राध्यापक_मडगाव

बाई, आपल्या विद्यार्थिनीने रेघ आणि टिंब यांतला फरक टिपला, याबद्दल तिचे मनापासून कौतुक. ती छपाईची चूक नाही. वॉटसन-क्रिक जोडी रेघेने आणि जी-यू जोडी टिंबाने दाखवण्याचा प्रघात आहे.

मूळ नियम कशावर उभा आहे ते आधी पाहू, कारण पुढची सर्व उत्तरे तेथूनच निघतात. बंध दोन किंवा तीन जुळतात म्हणून अमुक जोड्या होतात आणि बाकीच्यांत ते जुळत नाहीत म्हणून होत नाहीत, असा समज सार्वत्रिक आहे, आणि तो अपुरा आहे. बेसांपैकी कोणतेही दोन घेतले तरी किमान दोन हायड्रोजन बंधांनी बांधलेली एखादी मांडणी कागदावर काढता येते. वॉटसन-क्रिक जोड्यांचे खरे वैशिष्ट्य आकारात आहे. ए-टी, टी-ए, जी-सी आणि सी-जी या चारही मांडण्यांत दोन्ही बाजूंच्या शर्करांचे पहिले कार्बन अणू एकमेकांपासून सुमारे १०.५ अँगस्ट्रॉम अंतरावर येतात, आणि त्या कार्बनपासून बेसकडे जाणारे बंध दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच कोनात झुकलेले असतात. त्यामुळे अक्षरांचा क्रम कोणताही असला तरी बाहेरचा शर्करा-फॉस्फेटचा कणा एकसारखा वळत जातो. १९५३ साली या रचनेत जे सौंदर्य दिसले ते या समानतेत होते.

आता जी-यू जोडी घ्या. तिच्यात शर्करांमधील अंतर जवळपास तेवढेच राहते, परंतु युरासिल सर्पिलाच्या मोठ्या खाचेकडे आणि ग्वानीन लहान खाचेकडे थोडे सरकते. ग्वानीनच्या सहाव्या कार्बनवरील ऑक्सिजन युरासिलच्या तिसऱ्या नायट्रोजनवरील हायड्रोजनशी बांधला जातो, आणि ग्वानीनच्या पहिल्या नायट्रोजनवरील हायड्रोजन युरासिलच्या दुसऱ्या कार्बनवरील ऑक्सिजनशी. आपल्याकडे चिऱ्याची भिंत बांधताना एखादा चिरा लांबीने बरोबर पण तिरका तासलेला असला, तर तो थरात बसतो, मात्र वरचा चिरा ठेवताच गवंड्याला तो जाणवतो. जी-यू आणि जी-टी या जोड्या तशा आहेत. त्या सर्पिलात बसतात, स्थिरताही बरीच देतात, पण त्यांचा तिरकेपणा लपत नाही. हा तिरकेपणा कोठे दोष ठरतो आणि कोठे खूण म्हणून उपयोगी पडतो, हे त्या जागी तपासणारा कोण आहे यावर अवलंबून असते. आपल्या तिन्ही प्रश्नांकडे मी याच दृष्टीने पाहीन.

टी-आरएनएच्या देठातील जोडी ही खुणेची उत्तम मिसाल आहे. ॲलॅनीन वाहणाऱ्या टी-आरएनएमध्ये तिसऱ्या जागी ग्वानीन आणि सत्तराव्या जागी युरासिल असते. जी-सी जोडीत ग्वानीनचा अमिनो गट तिसऱ्या बंधात गुंतलेला असतो; येथे तो लहान खाचेत मोकळा राहतो, आणि ॲलॅनीन जोडणारे एन्झाइम नेमके तेच हेरते. १९८८ मध्ये या-मिंग हाउ आणि पॉल शिमेल यांनी ही एकच जोडी सिस्टीन आणि फेनिलॲलॅनीन यांच्या टी-आरएनएमध्ये बसवली, तेव्हा त्या रेणूंवरही ॲलॅनीन चढू लागले. त्याच वर्षी मॅक्लेन आणि फॉस यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. अँटिकोडॉनला हात न लावता केवळ देठातील एका जोडीने रेणूची ओळख बदलावी, ही गोष्ट आजही मला थक्क करते. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीने बोट ठेवलेली जोडी जर ॲलॅनीनच्या टी-आरएनएमधील असेल, तर तिने त्या संपूर्ण आकृतीतील सर्वांत अर्थपूर्ण जागेवर बोट ठेवले आहे असे समजा.

कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराविषयी आपण जाणताच, म्हणून थोडक्यात. १९६६ मध्ये क्रिक यांनी मांडलेल्या नियमानुसार अँटिकोडॉनच्या पहिल्या जागी ग्वानीन असल्यास ते सायटोसीन आणि युरासिल दोन्ही वाचते, युरासिल असल्यास ॲडेनीन आणि ग्वानीन वाचते, आणि आयनोसीन (टी-आरएनएमध्ये आढळणारे एक बदललेले अक्षर) असल्यास युरासिल, सायटोसीन आणि ॲडेनीन हे तिन्ही वाचते. आयनोसीन ही काल्पनिक गोष्ट नव्हती. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टच्या ॲलॅनीन टी-आरएनएचा क्रम प्रसिद्ध केला, त्यात ते अँटिकोडॉनमध्येच सापडले होते. ६१ अर्थपूर्ण कोडॉन वाचायला ६१ प्रकारचे टी-आरएनए लागत नाहीत, ते यामुळे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात तर अवघे २२ टी-आरएनए सर्व काम भागवतात.

ही सूट तिसऱ्याच अक्षराला का, याचे उत्तर वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने २००१ मध्ये रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्राच्या) लहान उपघटकाच्या स्फटिकरचनेतून दिले. रायबोसोमच्या आरएनएमधील १४९२ आणि १४९३ क्रमांकांची ॲडेनीन आणि ५३० क्रमांकाचे ग्वानीन हे तिघे कोडॉन-अँटिकोडॉनच्या छोट्या सर्पिलाच्या लहान खाचेत शिरून पहिल्या दोन जोड्यांचा आकार काटेकोरपणे तपासतात. तिसऱ्या जोडीला ते तसे बिलगत नाहीत. म्हणजे रायबोसोमही बंध मोजत नाही, तो आकार चाचपतो.

उत्तर २
स्फटिकवाचक_वास्को

प्राध्यापकांच्या मांडणीशी मी सहमत आहे. रायबोसोमबाबत मात्र एक भर घालणे आवश्यक वाटते. २०१२ मध्ये युसुपोव्ह यांच्या गटाने संपूर्ण रायबोसोमच्या रचना प्रसिद्ध केल्या, त्यांत पहिल्या किंवा दुसऱ्या जागी मुद्दाम जी-यू जोडी ठेवली असता ती तिरकी न राहता वॉटसन-क्रिक जोडीच्या आकाराची झालेली दिसली. असे होण्यासाठी दोन बेसांपैकी एकाचा हायड्रोजन आपली नेहमीची जागा सोडून दुसऱ्या अणूवर जावा लागतो, आणि त्याची किंमत ऊर्जेच्या रूपात मोजावी लागते. म्हणून रायबोसोम चुकीची जोडी ओळखतो तो केवळ चाचपून, की तिला बरोबर आकारात कोंबण्याची किंमत वसूल करून, हा प्रश्न त्यानंतर अधिक बारकाईने विचारला जाऊ लागला. आकार हाच निकष आहे, हा मुद्दा यामुळे दुबळा होत नाही, उलट पक्का होतो.

आता हूगस्टीन जोडीकडे वळतो, कारण तो माझ्या आवडीचा विषय आहे. कार्स्ट हूगस्टीन यांनी १९५९ मध्ये मिथिल गट जोडलेल्या ॲडेनीन आणि थायमीनचे एकत्र स्फटिक तयार करून त्यांची रचना पाहिली. वॉटसन-क्रिक जोडी सापडेल अशी अपेक्षा होती, पण तेथे ॲडेनीनने आपली दुसरीच कड पुढे केलेली होती: पहिल्या नायट्रोजनऐवजी सातवा नायट्रोजन थायमीनशी बांधलेला होता. सुट्या ए-टी बेसांच्या स्फटिकांत पुढेही पुन्हा पुन्हा हीच मांडणी मिळत राहिली. ॲडेनीन-युरासिलची वॉटसन-क्रिक जोडी अणूंच्या पातळीवर स्पष्टपणे स्फटिकात दिसायला १९७३ साल उजाडावे लागले, जेव्हा अलेक्झांडर रिच यांच्या प्रयोगशाळेत दोन-दोन अक्षरांच्या आरएनए तुकड्यांचे स्फटिक अभ्यासले गेले. म्हणजे वीस वर्षे पाठ्यपुस्तकांत असलेली जोडी स्फटिकात दिसत नव्हती आणि पुस्तकांत नसलेली जोडी दिसत होती. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना हा इतिहास अवश्य सांगावा असे मला वाटते, कारण एखादी गोष्ट सिद्ध कशी होत जाते हे त्यातून कळते.

दुहेरी सर्पिलात हूगस्टीन जोडी व्हायची असेल तर प्युरीनला (ॲडेनीन किंवा ग्वानीनला) शर्करेशी जोडणाऱ्या बंधाभोवती १८० अंशांनी उलटे वळावे लागते आणि दोन्ही बाजूंच्या शर्करा सुमारे दोन अँगस्ट्रॉमने जवळ याव्या लागतात. ग्वानीन-सायटोसीनच्या बाबतीत आणखी एक अट आहे: सायटोसीनने एक प्रोटॉन स्वीकारला पाहिजे, तरच दोन बंध जुळतात. इतक्या अटी पाहून साध्या डीएनएमध्ये असे होत नसावे असेच बहुतेकांना वाटत होते.

२०११ मध्ये हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाने अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने दाखवून दिले की, कोणतेही प्रथिन किंवा औषध चिकटलेले नसताना साध्या द्रावणातील डीएनएमध्येसुद्धा जोड्या अधूनमधून हूगस्टीन रूपात जातात आणि परततात. कोणत्याही क्षणी अशा जोड्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असते आणि ते रूप साधारण मिलिसेकंदभर टिकते. स्फटिकात हे सापडणे अवघड, कारण स्फटिक सरासरी चित्र दाखवतो आणि क्षणभराचा पाहुणा सरासरीत हरवतो. काही प्रथिने मात्र हे रूप धरून ठेवतात. कर्करोग रोखणारे पी-५३ हे प्रथिन डीएनएला बिलगलेले असताना काही ए-टी जोड्या हूगस्टीन रूपात आढळल्या आहेत. डीएनए पॉलिमरेज आयोटा या नावाचे, बिघडलेल्या डीएनएवरून पुढे जाणारे एक एन्झाइम तर साच्यातील प्युरीन उलटे वळवून हूगस्टीन पद्धतीनेच नवे अक्षर बसवते, हे २००४ मध्ये दिसले. ज्या प्युरीनची वॉटसन-क्रिक कड रासायनिक आघाताने खराब झाली आहे, त्याच्यासमोर अक्षर बसवायचे तर दुसरी कड वापरणे हाच मार्ग उरतो.

आपल्या विद्यार्थिनीच्या आकृतीबद्दल आणखी एक गोष्ट: ती सपाट काढलेली असल्यामुळे त्यात जे दिसत नाही तेही सांगण्यासारखे आहे. १९७४ मध्ये यीस्टच्या फेनिलॲलॅनीन टी-आरएनएची त्रिमितीय रचना सापडली, तेव्हा त्याच्या एका वळणात ५४ आणि ५८ या जागांमध्ये उलट हूगस्टीन जोडी असल्याचे कळले. आरएनएमध्ये इतक्या प्रकारच्या जोड्या सापडत गेल्या की २००१ मध्ये लिऑन्टिस आणि वेस्टहॉफ यांनी त्यांचे रीतसर वर्गीकरण केले. प्रत्येक बेसला तीन कडा, वॉटसन-क्रिक, हूगस्टीन आणि शर्करेची, आणि शर्करांच्या दोन सापेक्ष दिशा, असे धरून एकूण १२ कुळे होतात. वॉटसन-क्रिक जोडी त्या बारांपैकी एका कुळात येते.

शिक्षिका_फोंडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ॲलॅनीनच्या टी-आरएनएची गोष्ट मी आज वर्गात सांगितली. आकृती तपासली असता ती ॲलॅनीनचीच निघाली, आणि त्या मुलीचा आनंद पाहण्यासारखा होता.

माझा दुसरा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. जी-टी जोडी तिरकी आहे हे समजले. परंतु डीएनएची प्रत तयार होत असताना तिला नाकारतो कोण, आणि कितपत यशस्वीपणे? शिवाय तो हायड्रोजन जागा सोडतो असे स्फटिकवाचक यांनी लिहिले आहे. तसे डीएनएमध्ये झाले तर जी-टी जोडी ओळखूच येणार नाही ना?

उत्तर ३
जनुकप्रयोगशाळा_तिसवाडी

मी निदान प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो. बाईंची शेवटची शंका फार मर्मावर आहे, म्हणून नाकारणाऱ्यापासून सुरुवात करून तिच्यापर्यंत येते.

प्रत तयार करणारे डीएनए पॉलिमरेज नव्या अक्षराभोवती घट्ट मिटते. जोडीचा आकार बरोबर असेल तरच त्याची रासायनिक जुळणी वेगाने होते. केवळ बंधांच्या ऊर्जेतील फरकावर विसंबले असते तर चुकांचे प्रमाण प्रत्यक्षात दिसते त्याहून कितीतरी जास्त झाले असते. याचा सुरेख पुरावा १९९७ मध्ये एरिक कूल यांच्या गटाने दिला. त्यांनी थायमीनच्या आकाराचा पण हायड्रोजन बंध जवळपास न करणारा एक रेणू तयार केला, ज्यात ऑक्सिजनच्या जागी फ्लोरीन होते, आणि पॉलिमरेजने तो ॲडेनीनसमोर मोठ्या कार्यक्षमतेने बसवला. बंध नाहीत, तरी आकार जुळला म्हणून स्वीकार. आणि जी-टीमध्ये दोन बंध आहेत, तरी आकार जुळत नाही म्हणून बहुतेक वेळा नकार. प्राध्यापकांनी सुरुवातीला जे म्हटले त्याला यापेक्षा थेट आधार मला माहीत नाही.

एवढी काळजी घेऊनही दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एखादे चुकीचे बसतेच. त्यानंतर पॉलिमरेजचाच दुसरा भाग मागे वळून ते अक्षर कापतो, त्यामुळे प्रमाण साधारण शंभरपट घटते. त्यातूनही जे निसटते ते बेजोड-दुरुस्ती (न जुळणाऱ्या जोड्या सुधारणारी) यंत्रणा शोधते आणि प्रमाण आणखी शंभर ते हजारपट खाली जाते. सरतेशेवटी शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक, किंवा त्याहूनही कमी, इतकी शुद्धता साधते. या यंत्रणेतील म्यूट-एस हे प्रथिन बेजोड जागा कशी ओळखते, हे २००० मध्ये त्याच्या स्फटिकरचनांतून दिसले. त्याचे एक फेनिलॲलॅनीन सर्पिलात पाचरीसारखे घुसते आणि डीएनए सुमारे ६० अंशांत वाकतो. तिरक्या जोडीच्या जागी सर्पिल सहज वाकते, नेहमीच्या जोडीच्या जागी तसे वाकत नाही.

जी आणि टी यांपैकी चुकीचे कोणते, हे ठरवणे त्याहून कठीण असते, कारण दोन्ही अक्षरे स्वतः निर्दोष असतात. ई. कोलाय जिवाणूत जुन्या धाग्यावर जीएटीसी या क्रमातील ॲडेनीनला मिथिल गट असतो आणि नव्या धाग्यावर तो काही काळ नसतो. त्यावरून नवा धागा ओळखून त्याच धाग्यातील अक्षर बदलले जाते. पॉल मॉड्रिच यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते या यंत्रणेच्या उलगड्यासाठी. माणसात तिची जनुके, उदाहरणार्थ एमएलएच-१ आणि एमएसएच-२, जन्मतः सदोष असली तर लिंच सिंड्रोम होतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. जी-टीसारख्या जोड्या न तपासता राहिल्या तर काय होते, हे अशा कुटुंबांच्या तपासणी-अहवालांत दिसते. हा विषय माझ्यासाठी आकृतीपुरता राहत नाही, तो यामुळे.

आता हायड्रोजनच्या जागाबदलाविषयी. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्येच असे सुचवले होते की बेस क्वचित आपले दुर्मीळ रूप घेतात आणि त्यातून उत्परिवर्तने घडत असावीत. ही कल्पना अनेक दशके केवळ कल्पना म्हणून राहिली. २०११ मध्ये बेबेनेक, पेडर्सन आणि कुंकेल यांनी मानवी पॉलिमरेजच्या आत जी-टी जोडी हुबेहूब वॉटसन-क्रिक आकारात बसलेली स्फटिकात दाखवली, आणि २०१५ मध्ये अल-हाशिमी यांच्या गटाने द्रावणातील सर्पिलातही जी-टी जोडी क्षणभर तसे रूप घेते हे मोजले. म्हणून बाईंच्या शंकेचे उत्तर होय असे आहे. त्या क्षणी ती जोडी पॉलिमरेजला ओळखू येत नाही. मात्र अक्षर बसल्यानंतर हायड्रोजन आपल्या जागी परततो, जोडी पुन्हा तिरकी होते आणि म्हणूनच नंतरच्या दोन तपासण्यांना ती सापडण्याची संधी मिळते.

जी-टी जोडी प्रत काढताना होते तशी आणखी एका वाटेनेही येते. सायटोसीनचा अमिनो गट पाण्याच्या संपर्कात आपोआप गळून त्याचे युरासिल होते. प्रत्येक पेशीत रोज शेकड्याच्या घरात असे घडते. डीएनएमध्ये युरासिल हे परकेच असल्यामुळे ते ओळखून काढून टाकणारे एन्झाइम आहे. टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये ते शोधले. डीएनएने युरासिलऐवजी थायमीन वापरण्याचा हा मोठा लाभ आहे. पण ज्या सायटोसीनवर आधीच मिथिल गट असतो, त्याचा अमिनो गट गळला की थेट थायमीनच तयार होते, आणि समोर ग्वानीन असल्यामुळे जी-टी जोडी उरते. अशा जागी थायमीन काढणारी एन्झाइम माणसात आहेत, तरीही सगळ्या जोड्या त्यांच्या हाती लागत नाहीत. सायटोसीनपाठोपाठ ग्वानीन येते त्या जागा आपल्या जनुकसंचात अपेक्षेपेक्षा खूप कमी उरल्या आहेत, आणि आनुवंशिक विकारांना कारण होणाऱ्या एकाक्षरी बदलांचा मोठा वाटा याच जागांवर आढळतो.

बारावी_विज्ञान_साखळी

मी विद्यार्थी आहे, त्यामुळे प्रश्न साधा असेल तर क्षमा असावी. आरएनएमध्ये जी-यू जोडी सहज चालते असे वरील उत्तरांवरून वाटते. मग आरएनएच्या दुहेरी सर्पिलात हूगस्टीन जोडीही डीएनएपेक्षा जास्त प्रमाणात होत असेल का? आणि नीटच्या परीक्षेत जोडी विचारली तर काय लिहावे?

उत्तर ४
स्फटिकवाचक_वास्को

परीक्षेत ए-टी, ए-यू आणि जी-सी हेच लिहावे; तो नियम बरोबर आहे आणि प्रश्न त्याविषयीच असतो.

आपला पहिला प्रश्न साधा मुळीच नाही. आपल्यासारखाच तर्क अनेक अभ्यासकांनी केला असता, पण प्रत्यक्ष उत्तर उलट निघाले. टी-आरएनएच्या वळणासारख्या मोकळ्या भागांत आरएनए हूगस्टीन जोड्या भरपूर वापरतो. सलग दुहेरी सर्पिलाची गोष्ट वेगळी आहे. डीएनएचे सर्पिल बहुधा बी-रूपात असते आणि आरएनएचे ए-रूपात. आरएनएच्या शर्करेवर दोन क्रमांकाच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट अधिक असतो, आणि शर्करेची जी ठेवण त्याला सोयीची असते तिच्यामुळे सर्पिल रुंद, आखूड आणि ताठर होते. अशा ताठर सर्पिलात प्युरीन उलटे वळून शर्करा जवळ येणे फार महाग पडते. अल-हाशिमी यांच्या गटाने २०१६ मध्ये आरएनएच्या सर्पिलात हूगस्टीन रूप शोधून पाहिले, तेव्हा डीएनएमध्ये सहज मोजता येणारे हे रूप तेथे मिळाले नाही.

याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ॲडेनीनच्या पहिल्या नायट्रोजनवर मिथिल गट चढला की त्याची वॉटसन-क्रिक कड बंद होते. डीएनएमध्ये असे झाले तर ते ॲडेनीन हूगस्टीन रूप घेऊन थायमीनशी जोडी टिकवते आणि दुरुस्ती होईपर्यंत सर्पिल शाबूत राहते. आरएनएच्या सर्पिलात ती पळवाट नाही, म्हणून तोच मिथिल गट तेथे जोडी तोडतो आणि आजूबाजूचे सर्पिलही ढिले करतो. डीएनएमध्ये हा मिथिल गट म्हणजे इजा असते आणि तो काढणारी एन्झाइम असतात. आरएनएमध्ये मात्र पेशी स्वतःच काही ठिकाणी तो मुद्दाम चढवते. यीस्टच्या त्याच टी-आरएनएमध्ये ५८ व्या जागेवरील ॲडेनीनवर हा मिथिल गट असतो, आणि मी वर उल्लेखिलेली उलट हूगस्टीन जोडी तेच ॲडेनीन करते. जी-यू जोडीत दोन्ही बेस आपापल्या नेहमीच्या दिशेला तोंड करून थोडे सरकतात, कोणी उलटे वळत नाही. त्यामुळे ताठर ए-रूपातही ती सामावते. आपण दोन्ही गोष्टी एकाच सैलपणाचे प्रकार धरल्या होत्या, पण एकीत बेस सरकतो आणि दुसरीत तो वळतो, आणि आरएनएचे सर्पिल पहिल्याला वाव देते, दुसऱ्याला देत नाही.